वाइन घरी ठेवायची तर कुठे: कपाट, फ्रिज की वाइन कूलर?

आधी बाटलीचं तोंड बघा. फिरकीचं झाकण असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते. नाशिकच्या सुलाच्या बहुतेक बाटल्या अशाच येतात. त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. खरं बूच असेल तर बाटली आडवी हवी, नाहीतर बूच सुकून आकसतं आणि हवा आत शिरते.

बंद बाटलीला साधारण १२ ते १४ अंश तापमान, अंधार आणि स्थिर जागा लागते. आपल्याकडे अडतं ते तापमानापाशी.

कपाट फुकटचं, आणि थंडीत पुण्या-नाशकात महिना-दोन महिने खुशाल चालतं. आतल्या खोलीतलं, जमिनीलगतचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं निवडा. माळा नको, स्लॅबखाली सगळ्यात जास्त तापतं. फ्रिजच्या डोक्यावर शोभेला मांडणं त्याहून वाईट: उष्णता आणि थरथर, दोन्ही एकदम. एप्रिल-मेमध्ये मात्र कपाट विसरा. बाटली तापली की आतली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. तोंडावरच्या वेष्टनावरून बोट फिरवा. खाली उंचवटा लागला किंवा कडेला चिकट ओघळ दिसला, तर ती तापलेली आहे. चवही शिजवलेल्या फळासारखी लागते.

फ्रिज थोडा जास्तच थंड, ४-५ अंशांचा. आतली हवा कोरडी, त्यामुळे बुचाची बाटली वर्षभर ठेवायची जागा ही नव्हे. पण सहा महिन्यांत संपणार असेल तर उन्हाळ्यात माझं मत बिनदिक्कत फ्रिजला. थंडीने वाइन फक्त सुस्तावते, उष्णतेने कायमची बिघडते. रेड प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. मे महिन्यात वीस मिनिटं पुरे.

वाइन कूलर घ्यायचा तर फ्रिजसारखा कॉम्प्रेसरचाच. स्वस्तातले छोटे कूलर थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय नुसत्या विजेच्या पट्टीने गार करणारे असतात. आवाज नाही, थरथर नाही, पण खोलीपेक्षा फार तर पंधराएक अंशच खाली जातात. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की आत २३. त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? कॉम्प्रेसरवाला थोडा घुरघुरतो, पण काम करतो. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासून माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर ठेवा.

तरी एक विचारून घ्या: वर्षानुवर्षं ठेवण्याजोगी वाइन घरात आहे का? शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट आणि गुलाबी रोझे ताज्याच प्यायच्या. चांगली ‘रिझर्व्ह’ लिहिलेली शिराझ किंवा कॅबर्नेसारखी रेड दोन-चार वर्षं ठेवायची असेल, परदेशातून बुचाच्या बाटल्या येत असतील, तरच कूलरचा खर्च पटतो.

उघडलेल्या बाटलीला हे काही लागू नाही. ती, रेड असली तरी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची.