दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप आणि जुने गेम: दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीत घेतलेल्या या लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० अशी जोडी आहे, स्क्रीन १४४ हर्ट्झची. दिवसा ऑफिसचं काम, रात्री जीटीए व्हाईस सिटी किंवा एज ऑफ एम्पायर्स २ हे जुने गेम. नवे गेम यावर कसे चालतात ते बऱ्याच जणांनी लिहिलंय. जुन्या गेमांना याची ताकद कमी पडत नाही, उलट ती आवरावी लागते. माझा सगळा वेळ त्यातच गेला.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्रत्येक गेमला कुठली चिप द्यायची ते ठरवता येतं. तिथे लाँचर (गेम उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम) नाही, गेमची मूळ ईएक्सई फाइल द्या. खरंच कुठली चिप चालतेय ते टास्क मॅनेजरच्या जीपीयू इंजिन कॉलममध्ये दिसतं. २००५ च्या आधीचे गेम मी सरळ इंटेलवर ठेवले. पंखा शांत राहतो, बॅटरी टिकते. कोथरूडमध्ये एप्रिलच्या दुपारी किंवा गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा हे फार कामाचं आहे. आरटीएक्सवर तेच गेम नुसत्या मेनूतसुद्धा सेकंदाला शेकडो फ्रेम (चित्रं) काढत बसतात आणि लॅपटॉप उगाच तापतो. त्यावरच चालवायचे असतील तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ६० करा. व्हाईस सिटीत तर गेममधला फ्रेम लिमिटर चालूच हवा; तो काढला की गाड्या विचित्र वागतात.

इंटेलच्या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅमच वापरते. लॅपटॉप ८ जीबीच्या एकाच रॅमवर आला होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तशीच दुसरी आणून बसवली आणि अडखळणं बरंच कमी झालं. हा खर्च पहिल्या दिवशीच करावा असं माझं ठाम मत आहे.

जुन्या गेमांचं ८०० बाय ६०० चं चित्र रुंद स्क्रीनवर आडवं ताणलं जातं, माणसं बुटकी दिसतात. त्याचा पर्याय एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये शोधू नका, अशा बहुतेक लॅपटॉपची स्क्रीन इंटेलच्या चिपला जोडलेली असते. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये डिस्प्लेखाली स्केल आहे, तिथे मेंटेन अॅस्पेक्ट रेशो निवडा. ड्रायव्हर अपडेट झाला की माझी ही निवड पुसली जाते, पुन्हा करावी लागते.

एज ऑफ एम्पायर्स २ ची १९९९ ची मूळ आवृत्ती २५६ रंगांची. गवत-पाण्याचे रंग फाटत होते. डीजीव्हुडू २ हा जुन्या गेमांचं ग्राफिक्स नव्या विंडोजवर चालवून देणारा प्रोग्रॅम; त्यातली डीड्रॉ डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली आणि रंग जागेवर आले. गेम ३२ बिटचा असल्यानं एक्स८६ फोल्डरमधलीच फाइल घ्यायची. गेमनं डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) मागितलं तर विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली ते सुरू करा. काही गेम डी३डीएक्स९ ची डीएलएल नाही म्हणून अडतात, त्यांना मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स (गेमचं ग्राफिक्स आणि आवाज चालवणारा विंडोजचा भाग) रनटाइम लागतो. नवं डायरेक्टएक्स असलं तरी तो वेगळा टाकावाच लागतो.

नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची २००५ ची सीडी मात्र सोडून दिली. तिच्यावरचं सेफडिस्क हे कॉपी रोखणारं संरक्षण विंडोज १० पासून चालत नाही, त्यामुळे ग्राफिक्सची कुठलीही सेटिंग तिथे उपयोगाची नाही. ती शर्यत अजून दादाच्या एक्सपीवाल्या डेस्कटॉपवरच होते.