ठिपका नसलेला 1922 चा रुपया

माझे साडेअकरा हजार गेले. लिहायचं नव्हतं, लाजच वाटते. पण मला तो रुपया विकणारा माणूस अजून निपाणी-चिकोडी भागात फिरतोय असं परवा कळलं.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी जुनी नाणी जमवतो. पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये बरेच जमलेत, अडला होता तो 1922 चा. 1921 आणि 1922 साली रुपये पाडले ते एकट्या मुंबईच्या टांकसाळीने, तेही थोडेच, म्हणून त्यांना भाव. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी फसलो.

बेळगावात खडेबाजारला एका ओळखीच्या सराफाकडे बसलो होतो, तिथे हा आला. चाळिशीचा, बोलायला गोड. आधी 1911 च्या रुपयाची गोष्ट काढली: राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि 1912 ला ठसा बदलावा लागला. गोष्ट खरी आहे. माणूस जाणकार आहे असं माझं मत तिथेच झालं. मग रुमालातून रुपया काढला. "आज्जीच्या ट्रंकेतला हाय गुरुजी. चांदीच्या भावात मोडला असता, खरं मन होईना."

सराफाने रुपया वाजवला, काट्यावर टाकला. रुपया म्हणजे तोळा, 11.66 ग्रॅम, हा झिजून 11.58 भरला. चांदी चोख. असणारच, रुपया अस्सलच होता!

मी भिंग लावलं. मुंबईच्या रुपयावर मागच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली उठावाचा बारीक ठिपका असतो. इथे नव्हता. तसं म्हटलं, तर गडी जराही अडखळला नाही.

"म्हणून तर तुमच्याकडं आणलाय. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसतीया, व्हय की न्हाई? ठिपक्याचा 1922 कुणाकडंबी गावंल. बिनठिपक्याचा दावा बघू!"

कलकत्त्याची खूण नसते हे खरंच. आजच्या नाण्यांवरही मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचं काहीच नाही. पण 1922 ला कलकत्त्यात रुपया पाडलाच नव्हता, म्हणजे ठिपका नाही तिथेच साल खोटं ठरत होतं. मला मात्र वाटलं, एखादा चाचणीचा नमुना बाहेर पडला असेल, कुणाच्या यादीत नसलेला, आणि तो माझ्या हाती लागतोय. पैसे काढायला एटीएमवर गेलो तेव्हा सराफ म्हणालाही, "गुरुजी, उद्या बघा की." उद्यापर्यंत दुसरा कोणी नेईल, ही माझी भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात, माझ्याकडच्या 1920 च्या रुपयाशेजारी तो ठेवला. सालातले दोन 2 एकमेकांशी जुळत नव्हते. तिसऱ्या आकड्याचा 2 नाण्याबरोबर झिजलेला, कडा गोल झालेल्या. चौथा मात्र कोरा, किंचित उंच, आणि त्याच्याभोवतीची जागा बाकीच्या पृष्ठापेक्षा गुळगुळीत. तिरपा उजेड टाकला तर बुडाशी रेघ दिसायची. 1920 साली कलकत्त्यातही रुपये पाडले होते, बिनठिपक्याचे. त्यातलाच एक घेऊन शून्य घासलं आणि 2 बसवला. ठिपका बसवण्याचे कष्टही घेतले नाहीत, त्याऐवजी गोष्ट रचली.

तेव्हा दुर्मीळ सालाचा रुपया कुणी दाखवला तर वजन आणि आवाज यांवर जाऊ नका, आकडे बघा. एकाच सालातले सारखे आकडे एकमेकांशी ताडून बघा. आणि ते साल कोणत्या टांकसाळीत पाडलं होतं हे आधी बघून मगच खूण शोधा. मी उलटं केलं: आधी खूण शोधली, ती नाही म्हणून टांकसाळ ठरवली आणि साल तपासलंच नाही.

सराफाकडे गेलो. तो माणूस त्याच्याही ओळखीचा नव्हता. "मी चांदी बघितली गुरुजी, साल तुम्ही वाचलासा," म्हणाला. त्यात त्याचं काय चुकलं? चांदीच्या भावाने रुपया परत घेतो म्हणाला, मी दिला नाही. त्याच्या तबकातून तो पुन्हा 1922 म्हणून कुणाच्या तरी हाती गेला असता.

सुनेकडून नेलपॉलिश काढायचं पाणी मागून घेतलं, वाटीत रुपया बुडवून ठेवला. संध्याकाळी 2 सुटून वाटीच्या तळाशी पडला होता. आता रुपयावर 192 आहे आणि पुढे घासलेली जागा.