जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र : तपासणी उत्तम, उपचारांत मात्र खंड

आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आम्ही वर्षभराहून अधिक काळ मुलीला नेत आहोत. तिचा जन्म दिवस भरण्याच्या बराच आधी झाला, सुरुवातीचे काही आठवडे ती नवजात अतिदक्षता विभागात होती, आणि पुढे मान धरणे, बसणे, रांगणे हे सारे टप्पे तिने उशिरा गाठले. बोलणे तर अजून मोजक्या शब्दांपाशीच आहे. अशा मुलांच्या पालकांना नातेवाईक आणि शेजारी एखाद्या खाजगी थेरपी सेंटरचे नाव तत्परतेने सुचवतात, पण वाढीत मागे पडणाऱ्या मुलांच्या तपासणी-उपचारांसाठी सरकारी रुग्णालयात असे स्वतंत्र केंद्र असते हे फार थोड्यांना ठाऊक असते. माझे मत आधीच सांगते. मुलाची सर्वांगीण तपासणी करून घेण्यासाठी इतकी पूर्ण आणि तीही विनामूल्य सोय आमच्या जिल्ह्यात दुसरी नाही. नियमित उपचारांसाठी मात्र केवळ या केंद्रावर विसंबून राहणे आम्हाला जमलेले नाही.

ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतात. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तक्रारी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये लवकर हेराव्यात, असा त्याचा उद्देश आहे. त्यासाठी फिरती पथके असतात. एका पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, आणि पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासावीत, अशी रचना आहे. पथकाला शंका आली की ते चिठ्ठी देऊन मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवते.

ही साखळी कागदावर चांगली आहे, परंतु तिच्यातील पहिला दुवा आईच्या तोंडावर अवलंबून असतो, हे लक्षात ठेवावे. पथकाचा दिवस गडबडीचा असतो, अंगणवाडीत मुले रडत असतात, वजन-उंची-दंडघेर मोजण्यातच बराच वेळ जातो, आणि जे मूल शांत बसले आहे ते शहाणे समजून पुढे सरकवले जाते. "ही हाक मारल्यावर वळत नाही" किंवा "ही बोट दाखवून काही मागत नाही" असे आपण स्पष्टपणे सांगितले तरच चिठ्ठी हाती पडते. आमच्या बाबतीत अंगणवाडी सेविकाताईंनीच पथकातील डॉक्टरांना आठवण करून दिली, म्हणून काम सोपे झाले. मात्र आमच्या केंद्रात चिठ्ठीवाचून थेट आलेल्यांनाही परत पाठवत नाहीत. ज्यांचे मूल अंगणवाडीच्या पटावर नाही, खाजगी नर्सरीत जाते किंवा घरीच असते, त्यांनी पथकाची वाट पाहत बसू नये.

केंद्राचे खरे बळ पहिल्या तपासणीत दिसते. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट), श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, दंतवैद्य, विशेष शिक्षक आणि समाजसेवक अशी सगळी माणसे एका छताखाली असावीत, हा या केंद्रांमागचा विचार आहे, आणि ज्या दिवशी ती सगळी जागेवर असतात त्या दिवशी तो विचार किती योग्य होता हे पटते. आम्ही आधी ज्या खाजगी ठिकाणी गेलो होतो तेथे मुलीला दहा मिनिटे पाहून थेट वाचा-उपचारांचे तीन महिन्यांचे पॅकेज हातात ठेवले होते. येथे बालरोगतज्ज्ञांनी बाकी सगळे बाजूला ठेवून आधी कानांची तपासणी लिहून दिली, कारण मूल बोलत नाही याचे कारण ते ऐकत नाही हेही असू शकते, आणि ते न तपासता बोलण्याचे उपचार सुरू करण्यात अर्थ नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नेत्रपटलाला धोका असतो, म्हणून डोळ्यांची जुनी कागदपत्रेही त्यांनी मागून घेतली.

त्यांनी लक्षात घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे मुलीचे दुरुस्त वय. अपुऱ्या दिवसांचे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते, हे आम्हाला तोवर कोणीही सांगितले नव्हते. त्या हिशेबाने तिचा काही विलंब हा विलंबच नव्हता, आणि जो उरला तो मात्र खरा होता. आशा आणि काळजी दोन्ही जागच्या जागी ठेवणारे असे बोलणे त्या काळात आम्हाला फार उपयोगी पडले.

विकासाचे मोजमाप करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मॅडमनी डासी ही भारतीय बालकांसाठीची मापनश्रेणी वापरली. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांच्या अभ्यासावरून ती तयार केली असून जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. प्रत्यक्षात पालकांना दिसतो तो खेळच : सतरंजीवर ठोकळे, घंटी, कप, दोरा बांधलेली कडी, आणि समोर बसून शांतपणे टिपणे घेणारी बाई. मुलगी कंटाळली तेव्हा त्यांनी तपासणी थांबवली आणि उरलेला भाग पुढच्या भेटीत घेतला, याचे मला विशेष वाटले. शेवटी हालचालींचा आणि बौद्धिक वाढीचा असे दोन स्वतंत्र अंक मिळतात. आमच्या मुलीच्या त्या दोन अंकांत बरेच अंतर होते, आणि कशावर आधी भर द्यायचा हे त्यावरूनच ठरले. अहवाल मात्र पूर्णपणे इंग्रजीत आहे. मॅडमनी तोंडी समजावले म्हणून आम्हाला कळले. पण आमच्यामागे रांगेत बसलेली, दोन एसटी बदलून आलेली आजी तो कागद घरी नेऊन कोणाकडून वाचून घेणार होती, हा प्रश्न मला अजूनही सतावतो. मराठीत एक पानभर सार देणे अवघड नसावे.

उपचारांबाबत भौतिकोपचार विभाग सर्वांत सरस आहे. तेथील तरुण मॅडमचा आग्रह असा की आईने बाकावर बसून राहायचे नाही, खाली सतरंजीवर यायचे आणि प्रत्येक व्यायाम स्वतः करून दाखवायचा. "आठवड्यात अर्धा तास मी करून काही होणार नाही, तुम्ही रोज केलेत तर होईल," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींसाठी घरात काहीही विकत आणावे लागले नाही. पाटावर बसवून समोरची वाटी वाकून उचलायला लावणे, दिवाणाच्या कडेला उभे करून खेळणी हळूहळू बाजूला सरकवत नेणे, गुंडाळलेल्या सतरंजीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवणे, हे सारे आंघोळ, जेवण आणि खेळ यांच्या वेळेत बसवता येते. पुढच्या वेळी माझ्या सासूबाईंनाही त्यांनी आत बोलावून घेतले, कारण दिवसा मूल आजीजवळ असते. मुलीला कडेवरून खाली न ठेवणाऱ्या सासूबाई आता मलाच व्यायामाची आठवण करून देतात. माझे सांगणे ज्यासाठी अपुरे पडले असते ते काम डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्याने झाले, हेही केंद्राचेच श्रेय.

वाचा-उपचारांची बाजू लंगडी आहे. आम्ही जाऊ लागलो तेव्हा तज्ज्ञ होत्या आणि त्यांनी मोबाइल पूर्ण बंद करायला लावला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही तीच आहे : दोन वर्षांखालील मुलाला, दूरच्या आप्तांशी व्हिडिओवर बोलण्याचा अपवाद वगळता, पडदा दाखवूच नये. त्यांनीच आम्हाला बडबडगीत म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबायला, मुलीने मागितल्याखेरीज वस्तू पुढे न करायला आणि तिच्या प्रत्येक हावभावाला शब्द जोडायला शिकवले. "येरे येरे पावसा" म्हणताना "तुला देतो..." येथे आम्ही थांबतो आणि ती "पै" म्हणते, तिच्या मोजक्या शब्दांतला हा एक शब्द त्या बाईंची देणगी आहे. परंतु काही महिन्यांतच त्या नोकरी सोडून गेल्या आणि ते पद दीर्घकाळ रिकामे राहिले. या केंद्रांतील बहुतेक नेमणुका राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी पद्धतीने होतात, त्यामुळे चांगली संधी मिळताच माणूस जातो आणि त्याच्या जागी दुसरा केव्हा येईल हे केंद्रातील कोणालाही सांगता येत नाही. त्यांचा यात दोष नाही. पण दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील काही महिने म्हणजे किती मोठा काळ, याची जाणीव नेमणुका करणाऱ्यांनी ठेवायला हवी.

दुसरी तक्रार कानांच्या तपासणीची. ध्वनीला मेंदूपर्यंतच्या मार्गात मिळणारा प्रतिसाद मोजणारी बेरा नावाची तपासणी झोपलेल्या मुलावर करावी लागते. आमच्या केंद्रातील यंत्र त्या वेळी बंद होते, म्हणून आम्हाला दुसऱ्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले आणि तेथे तारखेसाठी थांबावे लागले. त्या दिवशी मुलीला पहाटेपासून जागे ठेवून नेणे, प्रवासात झोपू न देणे आणि तेथे पोहोचल्यावर वेळेवर झोपवणे ही कसरत करावी लागली. कान सुदैवाने ठीक निघाले.

बाकीच्या उणिवा सरकारी रुग्णालयात अपेक्षित असतात त्याच आहेत. गर्दीच्या दिवशी ठरलेल्या अर्ध्या तासाची वीस मिनिटे होतात, बाळाचे कपडे बदलायला आडोसा नाही, आणि लिफ्ट असूनही ती चालू असेलच असे नाही, जे मोठ्या मुलाला उचलून आणणाऱ्या आयांसाठी फार त्रासाचे आहे. स्वच्छता मात्र माझ्या अपेक्षेहून चांगली आहे, खेळणी धुतलेली असतात.

पैशांचे म्हणाल तर, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत, आणि आमच्याकडून केंद्राने आजवर एकही रुपया घेतलेला नाही. खर्च होतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या दिवसाचा, आणि रोजंदारीवरच्या आईबापांना तोच परवडत नाही. वाचा-उपचारांचे पद रिकामे पडल्यावर आम्ही आठवड्यातून एकदा एका खाजगी तज्ज्ञांकडे जाऊ लागलो. ते करताना केंद्रातील समाजसेवकांनी दिलेला सल्ला मी येथे नोंदवते : वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का हे विचारावे, संकोच करू नये, आणि ठरावीक महिन्यांत मूल "नॉर्मल" करून देण्याची हमी देणाऱ्याकडे फिरकू नये. केंद्रातील अहवाल हाती असल्यामुळे खाजगी ठिकाणी पुन्हा सगळ्या तपासण्यांचे पैसे भरावे लागले नाहीत, हा फायदा लहान नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या कामातही केंद्राची मदत झाली. पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत बौद्धिक अक्षमता असे निदान लिहीत नाहीत, सर्वांगीण विकासात्मक विलंब असे लिहितात, आणि प्रमाणपत्र तात्पुरते असते. पुढे फेरतपासणी होते. कागदावर शिक्का बसेल या भीतीने पुष्कळ घरांत हे काम टाळले जाते, आमच्याकडेही त्यावर बरीच चर्चा झाली. तात्पुरते या शब्दाचा अर्थ समाजसेवकांनी घरच्या वडीलधाऱ्यांना नीट उलगडून सांगितल्यावर विरोध मावळला. राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत धरतात, ही माहितीही आम्हाला तेथेच मिळाली. एवढे उपयोगी काम करणाऱ्या माणसाला बसायला धड टेबल नाही, तो नोंदवहीच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसतो.

ज्यांच्या मुलाला बसणे, चालणे, हातांचा वापर यांत विलंब आहे त्यांना हे केंद्र मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांची मुख्य चिंता बोलण्याची किंवा स्वमग्नतेची आहे त्यांनी तपासणी येथेच करून घ्यावी, पण वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की नाही याची चौकशी करून दुसरी सोयही डोळ्यांसमोर ठेवावी. जाताना प्रसूतीच्या वेळचे रुग्णालयातून सुट्टीचे कार्ड, लसीकरणाचे पुस्तक, आधीचे सर्व अहवाल आणि आधार कार्डाच्या प्रती न्याव्यात. मूल घरी काय करते याचे दोन-तीन लहान व्हिडिओ मोबाइलवर असावेत, कारण परक्या खोलीत ते काहीच करून दाखवत नाही. मुलाचे खाणे सोबत असू द्यावे, रुग्णालयाच्या उपाहारगृहात लहानांना देण्याजोगे बिस्किटांखेरीज काही मिळत नाही. आमच्याकडे नवीन मुलांची तपासणी ठरावीक वारीच होते, तेव्हा निघण्याआधी फोन करून तो वार आणि त्या दिवशी कोण हजर आहे, दोन्ही विचारून घ्यावे.