आमरसाच्या वाइनला तीन पट्ट्यांचा हायड्रोमीटर कितपत पुरतो?

हायड्रोमीटर म्हणजे रसात तरंगत ठेवायची काचेची नळी; ती किती वर राहते त्यावरून साखर कळते. दांडीवर ग्रॅव्हिटी, ब्रिक्स आणि संभाव्य अल्कोहोल अशा तीन पट्ट्या असतात. द्राक्षाच्या पातळ रसात हा छान चालतो. खरा कस लागतो आमरसात. इंग्लंड-अमेरिकेत घरच्यापुरती वाइन करायला मुभा आहे. तिथे डबाबंद हापूसचा रस वापरायचा असेल, तर त्या दाटपणात हायड्रोमीटर तरंगतच नाही, रुतून उभा राहतो. दिसेल तो आकडा खोटा.

रस पातळ करावाच लागतो, आणि तो वजनकाट्यावर. दाट रस मापाच्या भांड्याला चिकटतो, त्यात हवाही अडकते. १५० ग्रॅम रस, १५० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, नीट ढवळून मलमलीतून गाळा. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. हिशेब वजनाचाच, म्हणून ११ दिसले तर मूळ रस २२. एक भाग रसाला दोन भाग पाणी घातलं असेल तर मात्र तिप्पट करायचं. इथे हमखास चूक होते.

मापाच्या भांड्याने समसमान घेतलं असेल, तर ब्रिक्स सोडा, ग्रॅव्हिटीची (पाण्याच्या मानाने रस किती जड, पाणी १.०००) पट्टी वाचा. १.०४५ आलं तर १.००० च्या वरच्या ४५ चे ९० करून १.०९०, म्हणजे साधारण २१.६ ब्रिक्स. तोच नमुना ब्रिक्सच्या पट्टीवर ११.२ दाखवतो, त्याचे दुप्पट २२.४. पाऊण ब्रिक्सहून जास्त फरक पडला!

या उपकरणाची उणी बाजू अशी की पातळ नमुन्यात त्याची चूकही गुणली जाते. दांडीच्या आतला पट्टीचा कागद सरकून साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.००० ऐवजी ०.९९८ दिसत असेल, तर ती २ अंकांची तूट दुपटीत ४ होते, तिपटीत ६. म्हणून ती आधी भरून काढायची, मग गुणायचं. तापमानाचंही तेच: २० अंश सेल्सिअसला जुळवलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या रसात सुमारे ०.००२ कमी दाखवतो. दांडीला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा फुगतो. बोटांनी एक गिरकी दिली की सुटतात.

रिफ्रॅक्टोमीटरला (रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) दोन थेंब पुरतात, पण आंबवण सुरू झालं की अल्कोहोलमुळे तो साखर जास्त दाखवतो. शेवटच्या मोजणीला हायड्रोमीटरच हवा, आणि तोवर वाइन पातळ झालेली असते, पाणी घालायची गरज नाही.

घेताना पट्टीवर २० अंश लिहिलंय की १५.६, तेवढं बघा. दोन्ही प्रकार विकले जातात.