पीएफ ट्रस्ट बंद होऊन सात महिने: अनुभव, आणि मार्चचं व्याज

आमच्या कंपनीने स्वतःचा पीएफ ट्रस्ट (म्हणजे आमचा पीएफ कंपनीनेच सांभाळायची सोय) गुंडाळला, त्यासाठी मिळालेली सूट परत केली आणि आम्हा सगळ्यांची खाती ईपीएफओकडे, म्हणजे सरकारी पीएफ संघटनेकडे, दिली. माझे सतरा वर्षांचे 18 लाख 40 हजार 27 मार्च 2025 ला तिकडे जमा झाले. ज्यांच्याकडे असं काही शिजतंय त्यांच्यासाठी लिहितेय.

हातात दमडी मिळत नाही, हे आधी ऐका. नोटीस लागली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये निम्म्या लोकांनी फ्लॅटचं लोन फेडून टाकलं होतं. आमच्या ह्यांनी संध्याकाळपर्यंत गाडीचा रंगसुद्धा ठरवला. नोकरी चालू आणि पुढचं पीएफ खातं तयार, मग पैसे इकडून तिकडे जातात, मध्ये आपला हात लागत नाही. पेन्शन बुडाली ही ओरडही फुकटची. कंपनीच्या वाट्यातले महिन्याचे 1,250 आधीपासून ईपीएफओकडेच जात होते.

आता माझं दुखणं. ट्रस्टच्या शेवटच्या स्लिपवर बारीक अक्षरात होतं, 'व्याज 28/02/2025 पर्यंत'. पैसे पोचले 27 मार्चला. ईपीएफओत रक्कम ज्या महिन्यात जमा होते त्याच्या पुढच्या महिन्यापासून व्याज धरतात, म्हणजे एप्रिलपासून. मग मार्च कुठे गेला? 8.25 टक्क्यांनी महिन्याचे 12,650 रुपये. मार्चभर ते पैसे ट्रस्टकडेच होते की!

एचआरमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, एका महिन्याचं एवढं काय?" त्याला म्हटलं, बाळा, तुझा एका महिन्याचा पगार राहिला तर चालेल का? ट्रस्टच्या टेबलावरचे काका बिचारे प्रामाणिक. "ऑडिटरने हिशेब फेब्रुवारीअखेर बंद करायला सांगितला," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. चहा घेतला, अर्ज दिला, पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. ट्रस्टने ईपीएफओपेक्षा कमी व्याज द्यायचं नाही आणि कमी पडलं तर कंपनीने भरायचं, ही सूट मिळण्याची अटच असते. तेच तीन मेलमध्ये लिहिलं. तिसऱ्यात कामगार प्रतिनिधीलाही सीसीमध्ये ठेवलं.

एप्रिलमध्ये हे लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. ट्रस्टकडे सकाळी फॉर्म टाकला की चौथ्या दिवशी पैसे यायचे, आणि आता सरकारी कारभार, म्हणून मी कपाळाला हात लावून बसले होते. ऑगस्टमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी 80 हजारांचा क्लेम ऑनलाइन टाकला. आधारचा ओटीपी, बस. चौथ्या दिवशी बँकेचा मेसेज! मी दोनदा चष्मा पुसून वाचला. जूनपासून पाच लाखांपर्यंतचे ॲडव्हान्स क्लेम आपोआप मंजूर होण्याची सोय झालीय, हे मागाहून कळलं. शिवाय पासबुक. ट्रस्टच्या काळात वर्षातून एक स्लिप मिळायची, तीही मागितली तर. आता दर महिन्याचा भरणा मोबाईलवर दिसतो, आणि रात्री झोप नाही आली तर मी तो बघते.

त्याच ऑगस्टमध्ये पासबुकात वेगळी ओळ उमटली: 12,650. कंपनीने फरक भरला होता, सगळ्यांचा. कॅन्टीनमध्ये मला कुणीतरी बटाटेवडा खाऊ घातला.

पण ही रक्कम एप्रिलपासून खात्यात असायला हवी होती. ऑगस्टमध्ये आली, म्हणजे व्याज सप्टेंबरपासून. मधल्या पाच महिन्यांचे 435 रुपये होतात. ह्यांचं म्हणणं, आता सोड. काल चौथा मेल टाकलाय.