जुनं आउटबोर्ड घसरतंय: शेडवर खोलायचं की पाण्यात पळवून बघायचं?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच लिहून टाकतो. जुनी बोट, टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), इंजिन झकास चालू होतं, पण लोड आला की आरपीएम वर जातात आणि बोट मात्र जागेवर बसते. आता हे गिअरबॉक्सचं दुखणं, पंख्याचं (प्रोपेलरचं) दुखणं की पंखा नुसती हवा ओढतोय, हे शोधायचे दोन रस्ते. एक म्हणजे ट्रेलरवर घालून पुण्यात शेडवर आणायची आणि खालचं युनिट (इंजिनाचा पाण्यात राहणारा, गिअरचा भाग) खोलून बघायचं. दुसरा म्हणजे जिथं घसरते तिथंच, पाण्यात, माणसं बसवून पळवून बघायची. मी दोन्ही केलंय, त्याच क्रमाने, आणि क्रम उलटा असता तर साडेअठरा हजार वाचले असते.

आमची बोट पानशेतच्या बॅकवॉटरला असते, मी आणि मित्र मिळून घेतलेली, चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. दोघंच बसलो की काही नाही, लोण्यासारखी पळायची. पाच जण बसले आणि प्लेनवर न्यायला, म्हणजे बोट उचलून पाण्यावरून पळावी म्हणून, थ्रॉटल दिला की अर्ध्याच्या थोडं पुढे इंजिन एकदम किंचाळायचं आणि पुढचं तोंड खाली बसायचं. थ्रॉटल कमी केला की परत पकडायचं, दोन मिनिटं नीट चालायचं, परत तेच.

शेडच्या बाजूने बोलायचं तर खोलल्यावर जे दिसतं ते दिसतं, त्यात अंदाज नसतो. गिअर ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ निघालं की पाणी आत शिरलंय, विषय संपला, मग पाण्यात पळवून बघायचा हट्ट करूच नये, आहे तोही गिअर जाईल. ड्रेन प्लगला बारीक चुरा चिकटला असेल तर एकवेळ चालतं, पण बोटाला टोचतील असे तुकडे असतील तर खोलायलाच हवं. सील कुठून गळतंय हे प्रेशर लावून बघायचं असेल तर तेही शेडवरच बरं पडतं. बॅकवॉटरच्या चिखलात गुडघ्यावर बसून हे करणारा मिस्त्री मला अजून भेटलेला नाही.

पण माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्यांदा बोट आणली तो रविवार होता, म्हणजे चूक माझीच, पानशेतहून निघालो आणि संध्याकाळी बरोबर खडकवासला चौपाटीच्या कणीस-भज्यांच्या गर्दीत ट्रेलर अडकला, मागे सिंहगडावरून उतरलेल्या बाईकवाल्यांची रांग, आणि प्रत्येक जण जाता जाता विचारणार, "बोट केवढ्याला पडली काका?" धायरीकडच्या शेडवर पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पाण्याचा पाइप लावला, इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि मान हलवून म्हणाला, "साहेब, इथं तर काहीच होत नाहीये."

होणार कसं? पाइप लावून चालवताना पंखा हवेत फिरतो, त्याला ढकलायला पाणीच नाही. लोडवर घसरणारी वस्तू बिनलोडची अगदी शहाण्यासारखी वागते. मग त्याने पिंपात पाणी भरून चालवलं, तर पिंपातलं पाणी इतकं घुसळलं गेलं की पंखा नुसता फेस खात होता, त्यावरून काय कळणार. शेवटी "खोलून बघू" म्हणून खोललं. डॉगच्या, म्हणजे गिअर पकडणाऱ्या दातेरी क्लचच्या, कडा किंचित गोल झालेल्या दिसल्या, वीस वर्षांच्या इंजिनात त्या कोणाच्या झालेल्या नसतील? डॉग बदलला, फॉरवर्ड गिअर बदलला, सील बदलले, पैसे दिले. बोट परत पानशेतला नेली, पाच जण बसवले, आणि अर्ध्या थ्रॉटलच्या थोडं पुढे इंजिन किंचाळलं.

मिस्त्रीला दोष देत नाही, माणूस प्रामाणिक होता, समोर जे झिजलेलं दिसलं ते बदललं. पण जुन्या यंत्रात झिजलेलं तर सगळंच असतं, आणि आपला त्रास त्यातल्या नेमक्या कुठल्या झिजेमुळे होतोय हे खोलून दिसत नाही. ट्रेलरची ती फेरी दुसऱ्यांदा करायची माझी छाती झाली नाही, म्हणून, खरं सांगायचं तर निव्वळ कंटाळ्यापोटी, पाण्यात बघायचं ठरवलं.

पाण्यातल्या तपासणीचं सामान म्हणजे लाल नेलपॉलिशची बाटली. पंख्याच्या मधोमध जो स्प्लाइनवाला (आतून खाचांचा, शाफ्टवर बसणारा) बुश असतो तो आणि बाहेरचं पातीवालं अंग यांच्यामध्ये रबर दाबून बसवलेलं असतं, या बुश-रबरच्या जोडीला हब म्हणतात. खडकाला पंखा लागला तर गिअर वाचावा म्हणून ते रबर घसरतं, पण म्हातारं झालं की नुसत्या लोडनेही घसरायला लागतं. पंखा मागून बघायचा, बुशपासून बाहेरच्या अंगापर्यंत एक सरळ रेघ मारायची. एक्झॉस्ट तिथूनच जातो, त्यामुळे काजळी असते, ती आधी पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडी करा, नाहीतर रेघ पहिल्याच फेरीत धुऊन जाते. इंजिन बंद, किल्ली खिशात, किल स्विचची (इंजिन तोडणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, मगच हात पंख्याजवळ. आणि नट काढणार असाल तर खाली घमेलं धरा, आमची एक कॉटर पिन आजही पानशेतच्या तळाशी आहे.

पाच जण बसून दोनदा किंचाळेपर्यंत पळवली, काठाला आणून इंजिन वर उचललं, तर रेघ तुटलेली. आतला तुकडा एकीकडे, बाहेरचा चांगला दोन बोटं पुढे सरकलेला. बस, अर्ध्या तासात निकाल. पंख्यात नवा हब दाबून घेतला आणि त्रास गेला.

रेघ जागेवर राहिली असती तरी फेरी फुकट गेली नसती, कारण पाण्यात कानालाही बरंच कळतं. डॉग सुटत असेल तर खालून कट-कट असा दणका बसतो, पायाखालच्या फळीला जाणवतो. हब घसरला तर दणका नाही, इंजिन नुसतं मोकळं सुटल्यासारखं वर जातं. आणि वळणावरच किंवा ट्रिम वर असतानाच (इंजिन मागे कललेलं असताना) होत असेल, सरळ रेषेत होत नसेल, तर पंखा हवा ओढतोय, इंजिनाची उंची आणि पात्यांच्या कडा बघा. पंखा काढलाच आहे तर मागे शाफ्टवर तंगूस गुंडाळलंय का तेही बघा, आमच्याकडे जाळी टाकणारे बरेच असल्याने ते हमखास निघतं, आणि तेच पुढे सील कापतं.

पाण्यातल्या तपासणीचे तोटे आहेतच. एकट्याने होत नाही, एक थ्रॉटलवर, एक मागे कान लावून. लाइफ जॅकेट सगळ्यांना, वल्हं बरोबर, कारण मध्यावर गिअरने मान टाकली तर वारा कुठे नेईल सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की खडक आणि खुंट वर येतात, तेव्हा नवीन पंख्याचीही वाट लागेल. आणि इंजिन आतमध्ये असलेली शाफ्टवाली बोट असेल तर माझा त्यात हात बसलेला नाही, एवढंच ऐकून आहे की कपलिंगची अलाइनमेंट शेवटी बोट पाण्यात तरंगत असतानाच बघतात, कारण ट्रेलरवर हल (बोटीचं अंग) थोडी वाकते.

तर तुमचं ऑइल दुधाळ असेल किंवा तुकडे निघत असतील तर सरळ शेड, त्यात वाद नाही. ऑइल स्वच्छ असेल आणि त्रास फक्त लोडवर होत असेल, तर मी तरी आधी नेलपॉलिश आणेन. प्रत्येकाची बोट वेगळी, माझा अनुभव एकाच इंजिनाचा, हे धरूनच चाला. मित्राचा पंखा तुमच्या स्प्लाइनला बसत असेल तर एक फेरी तो लावूनही मारा, तेही फुकटच आहे. ट्रेलर बाहेर काढायचाच असेल तर रविवार सोडून.