पीथमपूरच्या फाटकापर्यंत

स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांचा क्लब, त्याचे रविवारचे मेळावे आणि वर्षातून दोनदा ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर आपली गाडी पळवण्याचा दिवस, एवढे सांगून इंदूरमध्ये माझ्याकडून एकूण १,२४,८०० रुपये उकळण्यात आले. माझ्याबरोबर फसलेले आणखी दहा जण मला प्रत्यक्ष ठाऊक आहेत. याच मंडळींची, फक्त नाव बदललेली निमंत्रणे आता बडोद्यातील गाडीमालकांना जाऊ लागल्याचे तिकडच्या एका नातेवाइकाने कळवले, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

माझे इंदूरजवळच्या पीथमपूरला लहानसे मशीन शॉप आहे. राऊवरून रोज जाताना ज्या भिंतीच्या कडेने मी जातो, तिच्या आत नॅट्रॅक्स आहे. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. सोळा मीटर रुंद, चार पदरी, लंबवर्तुळाकार असा हा ट्रॅक आशियातील सर्वांत लांब अतिवेगवान ट्रॅक म्हणून ओळखला जातो, आणि त्याची आतल्या बाजूला कललेली वळणे ताशी ३७५ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी बांधलेली आहेत. तीन वर्षांपूर्वी मी ऑडी टीटी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हापासून आपली गाडी एकदा तरी त्या भिंतीच्या आत न्यावी, अशी माझी मनापासून इच्छा होती. एबी (आग्रा-मुंबई) रोडवर तिचा दुसरा गिअरही पुरता वापरता येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर वेग आजमावणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे मी स्वतः मुलांना सांगत आलो आहे. मला हवी असलेली गोष्ट म्हणूनच पूर्णपणे कायदेशीर होती, आणि फसवणाऱ्याने नेमकी तीच ओळखली.

निमंत्रण भाच्याच्या मित्राकडून आले. रविवारी सकाळी सात वाजता बायपासवरच्या एका हॉटेलच्या आवारात जमायचे, गाड्या बघायच्या, नाश्ता करायचा, असा साधा बेत होता. शुल्क काहीही नव्हते. मी पोहोचलो तेव्हा तिथे एकोणीस गाड्या ओळीने लावलेल्या होत्या. त्यांत दोन फोर्ड मस्टँग, एक बीएमडब्ल्यू झेड-फोर, एक पोर्शे केमॅन आणि एक पोर्शे नाइन-इलेव्हन होती. बॉनेट उघडून माणसे बोलत होती, कुणी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून तो कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला हे मुलाला समजावत होते, आणि सगळ्यांच्या हातात शेव आणि जिरावण घातलेले पोहे होते. आयोजक तरुण अस्खलित मराठी बोलत होता. आपल्या दोन पिढ्या सुदामानगरात गेल्याचे त्याने सांगितले, माझ्याबरोबर आलेल्या थोरल्या भावाला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "काका, आपल्या माणसांनी यात पुढे यायला हवं. पीथमपूर घराशेजारी असून आपण ट्रॅकसाठी नोएडाला आणि चेन्नईला जातो, याचं मला वाईट वाटतं."

तो मेळावा खरा होता, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. गाड्या खऱ्या, मालक खरे, त्यांचे प्रेम खरे. त्या सकाळी मला कुठेही खोटे दिसले नाही, कारण खोटे तिथे नव्हतेच. पुढे आम्ही एकमेकांना विचारत गेलो, तेव्हा लक्षात आले की त्या एकोणिसांपैकी एकानेही तोवर सदस्यत्व घेतलेले नव्हते. प्रत्येकाला स्वतंत्र निमंत्रण होते, आणि बाकीचे अठरा जण जुने सदस्य आहेत असे प्रत्येकाला सांगितलेले होते. नाइन-इलेव्हनवाले गृहस्थ माझ्याकडे बघून निश्चिंत झाले आणि मी त्यांच्याकडे बघून निश्चिंत झालो. एवढे पैसेवाले, व्यवहारी लोक आहेत, त्यांनी चौकशी केलीच असेल, असे आम्ही सगळ्यांनी एकमेकांबद्दल धरले. पाचशे रुपयांचा माल घेताना मी पुरवठादाराचे कागद तपासतो, पण इथे "क्लबची नोंदणी कुठे आहे?" हा प्रश्न विचारणे मला त्या वातावरणात असभ्यपणाचे वाटले.

खरा ट्रॅक डे कसा असतो, हे मी पाहिलेले नव्हते असेही नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ३.७१७ किलोमीटरच्या सर्किटवर मी एकदा चुलतभावाच्या गाडीबरोबर गेलो होतो. त्याला महिनाभर आधी कागद आले होते. चालकाचा रक्तगट, घरच्यांचा संपर्क, हेल्मेट कोणत्या सुरक्षा-मानकाचे, ब्रेक फ्लुइड कधी बदलले, गाडी ओढून नेण्यासाठीचा पुढचा टो-हुक बसवता येतो का, टायर किती जुने आहेत, असे सगळे त्यांनी विचारले होते. सकाळी गाडीची तपासणी झाली, आतल्या सुट्या वस्तू, अगदी पायाखालची मॅटसुद्धा, काढायला लावली. मग चालकांना अर्धा तास बसवून पिवळा, लाल, निळा आणि चौकटीचा झेंडा दिसला की काय करायचे ते सांगितले, ओव्हरटेक कुठे करायचे आणि कुठे नाही ते दाखवले. शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड होऊ द्यायचे आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, हेही बजावले. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी जागेवर आल्याशिवाय पहिली गाडी सुटली नव्हती. इंदूरच्या या क्लबने मला यांतले एकही अक्षर विचारले नाही. त्यांनी मागितले ते गाडीचे तीन फोटो, टी-शर्टचे माप आणि पैसे. ताशी दोनशेच्या वर गाडी नेणाऱ्या माणसाचा रक्तगट ज्याला नको आहे, त्याला ती गाडी चालवू द्यायचीच नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

पैसे एकदम मागितले नाहीत. ऑक्टोबरात सदस्यत्वाचे २५,०००. नोव्हेंबरात ट्रॅक डेचे ३८,००० आणि गाडीमुळे ट्रॅकचे नुकसान झाल्यास म्हणून ५०,००० रुपयांची अनामत, जी त्याच संध्याकाळी परत मिळणार होती. अनामत परत मिळणार असल्यामुळे ती खर्चाच्या हिशेबात मी धरलीच नाही, आणि सर्वांत मोठी रक्कम अशा रीतीने सर्वांत कमी विचार करून गेली. पैसे भरण्याआधी मी ट्रॅकच्या परवानगीचे पत्र मागितले, तेव्हा पाच मिनिटांत ते फोनवर आले. त्यावर बोधचिन्ह, जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळे होते. मात्र संपर्काचा ईमेल पत्ता कुणालाही फुकट काढता येतो तसा होता आणि पत्राची तारीख रविवारची होती. पत्र हाती आल्याच्या समाधानात मी ते वाचले नाही, नुसते पाहिले.

शेवटचे ११,८०० रुपये विम्याचे होते, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे फसवणाऱ्याने एका खऱ्या गोष्टीचा आधार घेतला. आपल्या नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असे एक कलम असते. संघटित शर्यती, वेगचाचणी, विश्वासार्हतेच्या चाचण्या यांसाठी गाडी वापरल्यास संरक्षण नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. आयोजकाने हे कलम मला माझ्याच पॉलिसीत बोट ठेवून दाखवले. ते खरे निघाल्यामुळे त्याच्या पुढच्या वाक्यावरही माझा विश्वास बसला, की क्लबतर्फे एका दिवसाचे वेगळे संरक्षण मिळते. जे प्रमाणपत्र मला मिळाले, त्यावरचा पॉलिसी क्रमांक त्या विमा कंपनीत अस्तित्वातच नव्हता, आणि प्रत्येक विमा उत्पादनाला नियामकाकडून मिळणारा ओळख क्रमांकही त्यावर नव्हता. कंपनीला एक फोन केला असता तर हे त्याच दिवशी उघड झाले असते. तो फोन मी केला, पण डिसेंबरात, सगळे झाल्यावर.

ठरलेल्या रविवारी पहाटे साडेपाचला, चांगल्याच थंडीत, आम्ही अकरा गाड्या घेऊन पीथमपूरला फाटकापाशी उभे होतो. काही जण रतलाम आणि उज्जैनहून रात्रीच निघून आले होते. एकाने वडिलांना आणले होते, सत्तरी ओलांडलेल्या आणि आयुष्यभर एसटीत मेकॅनिक म्हणून काम केलेल्या त्या गृहस्थांना मुलाची गाडी ट्रॅकवर धावताना पाहायची होती. सुरक्षारक्षकांनी आमचे पत्र नीट वाचले, आत फोन लावला आणि अतिशय सौजन्याने सांगितले की या नावाने कोणतेही आरक्षण नाही, आणि ही जागा वाहन कंपन्यांच्या चाचण्यांची असल्यामुळे आरक्षणाशिवाय कुणालाही आत घेता येणार नाही. आयोजकाचा फोन तोवर सुरू होता. "काका, आतल्या चाचणीमुळे तांत्रिक अडचण आली आहे, ७२ तासांत सगळ्यांचे पैसे परत येतील, कृपा करून कुणी तक्रार करू नका, नाहीतर क्लबला पुन्हा कधीच परवानगी मिळणार नाही," असे तो म्हणाला. आम्ही ऐकले. ते वडील गाडीतून उतरलेच नाहीत.

त्या ७२ तासांची किंमत मला नंतर पोलिसांच्या सायबर सेलमध्ये समजली. अशा प्रकरणात १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आम्ही तीन दिवस परताव्याची वाट पाहिली आणि त्याच तीन दिवसांत पैसे खात्यांमागून खात्यांत निघून गेले. चौथ्या दिवशी आयोजकाचा फोन बंद झाला. माझ्या रकमेपैकी १४,३०० रुपये एका बँकेत गोठवलेले सापडले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला आहे.

पावती मी त्यानंतर पहिल्यांदा शांतपणे वाचली. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरे असतात, त्यांतील पहिले दोन आकडे राज्याचे. मध्य प्रदेशचा आकडा २३ आहे. आमच्या पावतीवर विजयनगरचा पत्ता होता, पण क्रमांक २४ ने, म्हणजे गुजरातच्या आकड्याने, सुरू होत होता. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ. क्लब म्हणवणाऱ्यांच्या पॅनमध्ये पी होता. जीएसटीच्या सार्वजनिक पोर्टलवर शोधले तेव्हा तो क्रमांक कापडाच्या एका दुकानाचा निघाला, त्याची नोंदणी रद्द झालेली होती, आणि त्या दुकानदाराला यातले काहीच ठाऊक नव्हते. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर बँकेतील नाव उमटते, तेही क्लबचे नसून एका अनोळखी व्यक्तीचे होते. मी ते पाहिले होते आणि खजिनदार असेल असे समजून पुढे गेलो होतो.

बडोद्यात किंवा अन्यत्र ज्यांना असे निमंत्रण आले असेल, त्यांनी पैसे देण्याआधी ट्रॅकच्या कार्यालयाशी स्वतः संपर्क साधावा, आणि तोही आयोजकाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर ट्रॅकच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या क्रमांकावर. त्या तारखेला, त्या नावाने आरक्षण आहे का, एवढेच लेखी विचारावे. ज्यांनी पैसे आधीच दिले आहेत, त्यांनी संदेश पुसू नयेत, गटातून बाहेर पडण्याआधी सदस्यांची यादी जपून ठेवावी, व्यवहार क्रमांक लिहून ठेवावेत आणि आजच १९३० वर कळवावे. आमच्या अकरापैकी चौघांनी लाजेमुळे अजून तक्रार दिलेली नाही. रक्कम ज्या खात्यांतून फिरली ती जोडण्यासाठी तपास अधिकाऱ्यांना त्या चौघांचेही व्यवहार क्रमांक हवे आहेत, आणि त्यांच्यापैकी जो येईल त्याच्याबरोबर सायबर सेलमध्ये बसायला मी कोणत्याही दिवशी तयार आहे.